प्लॉट ए : वरीलप्रमाणे

गाजर गवताचं एक रोप उपटून हात झटकावेत आणि मागं वळून बघावं, तर तिथं दहा उगवलेली! आमच्या एम.एस्सी.च्या बॅचच्या किश्श्यांचं तसंच आहे राव. टपरीवर एक सांगायला घेतला की त्याच्या मुळाशी दुसरा निघतो, दुसऱ्याच्या मुळाशी तिसरा. शेवटी टपरीवाला म्हणतो, “ग्लास द्या आणि घरी जा आता!”

पण आधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे मधेच कुणी मला पकडायला नको. ही दोन वर्षं मी जळत होतो. वैजूवर. वैजू म्हणजे वैजयंता, आमच्या वर्गातली. चाकणकडच्या एका जुन्या गावातली पोरगी, बोलणं रांगडं, इंग्रजी बेताचं, आणि तरी प्रत्येक ठिकाणी माझ्या एक पाऊल पुढं! मी शाळेपासून पहिल्या नंबराचा माणूस. मला दुसऱ्या नंबराची सवयच नव्हती हो.

कोर्सचं नाव इकॉलॉजिकल रिस्टोरेशन अँड हॅबिटॅट मॅनेजमेंट. इतकं लांब की आयकार्डवर ते ‘हॅबिटॅट मॅने’ इथंच संपायचं. बिघडलेली जमीन, नासलेला नदीकाठ, उजाड झालेला माळ, हे सगळं पुन्हा पूर्वीसारखं कसं करायचं ते शिकायचं. पिंपरी-चिंचवडात राहून हे शिकायचा एक फायदा आहे. बिघडलेली जमीन शोधायला लांब जावं लागत नाही!

* * *

पहिला किस्सा घरातलाच.

बी.एस्सी. करून मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागलो होतो. चार वर्षांनी पर्मनंट झालो. आणि पर्मनंट झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात राजीनामा टाकून या कोर्सला आलो! पप्पांची अख्खी हयात आकुर्डीच्या एका कारखान्यात लेथसमोर उभं राहण्यात गेलेली. आमच्या वस्तीत ‘पर्मनंट’ हा शब्द कुठल्याही डिग्रीच्या वर मानतात.

पप्पांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे माळी होणार?”

“नाही पप्पा. माळी बाग करतो. आम्ही जमीन आधी होती तशी करतो.”

“आधी कशी होती?”

“ते शोधून काढायचं.”

“म्हणजे तुम्हालाच माहीत नाही! आणि त्याला दोन वर्षं?”

त्यानंतर पप्पा माझ्याशी फक्त आईमार्फत बोलायला लागले. जेवायला तिघं एकाच चटईवर. आई म्हणायची, “पप्पा विचारतायत, भाजी वाढू का.” पप्पा माझ्या डाव्या हाताला बसलेले! एकदा आईमार्फतच निरोप आला, “त्याला सांग, नोकरी लागली नाही तर परत कंपनीतच जायचंय. आणि आता कंत्राटावर घेतील.”

आईनं शेजारच्या काकूंना कोर्सचं नाव सांगितलं, तिला जमलं तसं. ‘रेस्टो’ काहीतरी आणि ‘मॅनेजमेंट’. पुढच्या रविवारी काकू दारात.

“मिलिंद, नातवाचं नामकरण आहे. शंभर माणसांचं जेवण तुझ्याच्यानं होईल ना?”

मी म्हणालो, “काकू, मला साधा भात लावता येत नाही.”

काकू आईकडं वळल्या. “मग दोन वर्षं शिकवतात तरी काय तिथं?”

* * *

आमचे गाईड खरे सर. रिटायरमेंटला टेकलेले, खिशात कायम एक भिंग, आणि तोंडावर खरं बोलायची वाईट सवय. पहिल्याच फील्डला ते आम्हाला देहूच्या अलीकडं एका माळावर घेऊन गेले. एक वाळकं गवत उपटलं आणि म्हणाले, “हे काय?”

मी आदल्या दिवशी सगळं पाठ करून आलो होतो. ताडकन म्हणालो, “हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, सर!”

“छान. अजून कुणी?”

आता अजून काय असणार? मी नाव सांगितलं ना, लॅटिनमध्ये! तर मागून आवाज आला, “कुसळ हाय ते.”

सर मागं वळले. वैजू उकिडवी बसून सलवारीला लागलेली कुसळं काढत होती. वर न बघता म्हणाली, “दिवाळीच्या आत कापलं तर जनावर खातं. मागनं टोकं पिकली का म्हशीच्या तोंडात शिरत्यात. मग ती बया चार दिस तोंड न्हाई लावत कशाला. आन् हे हाय तितं खाली मुरूम असतुय, काळी माती नसती.”

सरांनी भिंग खिशात ठेवलं, वही काढली आणि चक्क तिच्यासमोर मांडी घालून बसले. “हं. मुरमाचं परत सांग.” मग माझ्याकडं बघून, “मिलिंद, नाव बरोबर आहे हं तुझं.”

नाव बरोबर आहे! म्हणजे मी हजेरी दिली असंच ना! त्या दिवशी नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या दोन वर्षं झोंबत राहिल्या.

घरी जाऊन विचार केला, हिला हे सगळं कसं माहीत? तर हिच्या घरी म्हशी होत्या, रान होतं. मग रान कंपनीत गेलं. चाकणच्या पट्ट्यात ‘जमीन कंपनीत गेली’ हे लोक आडनाव सांगावं तितक्या सहज सांगतात, पुढं कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगू का, मला त्याचाही हेवा वाटला! आमची जमीन कुठल्याच कंपनीत गेली नाही, कारण ती कधी नव्हतीच. आजोबा आले ते मजूर म्हणून आणि राहिले ते दहा बाय बाराच्या खोलीत. हिच्याकडं निदान जायला तरी काहीतरी होतं.

* * *

आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार म्हणजे क्वाड्रॅट. नाव भारदस्त, पण वस्तू साधी. प्लास्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट. ती जमिनीवर टाकायची आणि आतलं प्रत्येक रोप मोजायचं. झालं. या चौकटीवर अख्खी डिग्री उभी आहे.

आता ही चौकट घेऊन निगडीहून चाकणला बसनं जायचं म्हणजे परीक्षाच. आमच्या वर्गातला ओंकार उदगीरचा. तो एकदा गळ्यात चौकट अडकवून बसमध्ये चढला. कंडक्टरनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“हे काय आणलंय?”

ओंकार म्हणाला, “खिडकी हाय, काका.”

कंडक्टर म्हणाला, “मग खिडकीजवळची सीट दुसऱ्याला दे. तू तुझी घरनं आणलीय!”

सगळी बस हसली. ओंकार चाकणपर्यंत उभा. वैजूला मात्र एका आजींनी सरकून जागा दिली, वर तिची चौकट मांडीवर धरून बसल्या. आता यातही मला जळायचं काय कारण होतं? पण मीही उभाच होतो ना!

* * *

दुसऱ्या सेमिस्टरला सरांनी चाकणच्या एका कंपनीकडून जागा मिळवली. शेडच्या मागची आठ एकर. सगळीकडं राडारोडा, मोडकी पॅलेट, घाणेरीची जाळी आणि सुबाभळीचं रान. कंपनीचे अ‍ॅडमिन हेड जगदाळे साहेब आम्हाला घ्यायला गेटवर आले. त्यांच्या डोक्यात गुलमोहर, कारंजं आणि एक सेल्फी पॉइंट होता.

सर म्हणाले, “साहेब, हा मूळचा गवताचा माळ आहे. इथं झाडांची गर्दी करायची नाही. आपण देशी गवत परत आणायचं.”

साहेबांचा चेहरा पडला. “सर, गवत काढायला तर आम्ही माणसं ठेवलीत!”

पण सरांनी त्यांना दोन तास उन्हात फिरवलं आणि पटवलं. पटलं की दमले, ते माहीत नाही. निघताना साहेब म्हणाले, “ठीक आहे. तुमचा कोर्स संपला की साइट सांभाळायला तुमच्यातला एक जण आम्ही घेऊ. पर्मनंट. पण आधीच सांगतो, जागा एकच आहे.”

पर्मनंट! माझ्या कानात वाजलंच ते. पप्पांसमोर ताठ मानेनं उभं राहता येईल अशी जगाच्या पाठीवर एकच जागा, आणि ती त्या सुबाभळीत! मी साहेबांशी हात मिळवायला पुढं झालो, तर वैजूनं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केलेला. साहेबांचं वाक्यही संपलं नव्हतं.

“सर, मला पायजे.”

लाज नाही, शरम नाही! निदान दोन दिवस थांबायचं तरी.

त्याच दिवशी सरांनी पहिलं काम दिलं. पाणी कुठून येतं आणि कुठं जमतं ते शोधा. मी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा लावला, उताराच्या रेघा लावल्या, उत्तर दिशा पकडली. मान वर करतोय तर वैजू तरातरा चालत घाणेरीच्या एका जाळीपाशी जाऊन उभी.

“हितं ओढा हाय.”

मी म्हणालो, “कुठंय? दिसत तर नाही.”

“खाली.”

दोन आठवड्यांनी कंपनीचा जेसीबी आला. चार फूट राडारोडा काढला, आणि खाली ओली काळी माती, गोल गुळगुळीत दगड! अगदी तिनं दाखवलं तिथं. सर आनंदानं त्या चिखलात बूट घालून उतरले. मी वैजूला बाजूला घेतलं.

“खरं सांग, नकाशा कुणी दाखवला तुला?”

“नकाशा कशाला लागतुय?”

अरे वा रे वा! नकाशा कशाला लागतुय म्हणे! माझी खात्रीच झाली की सरांनी तिला जुना नकाशा आधी दाखवलाय. मी दुसऱ्या दिवशी तडक सरांच्या केबिनमध्ये. “सर, नकाशा सगळ्यांना मिळायला हवा होता.”

सर म्हणाले, “कुठला नकाशा?”

बघा! किती सफाईनं लपवतात लोक!

* * *

प्रबंधासाठी सरांनी त्या आठ एकरांत शेजारी शेजारी दोन तुकडे आखून दिले. प्लॉट ए माझा, प्लॉट बी वैजूचा. मधे एक सुतळी. दोघांनी मारवेल, पवन्या अशा देशी गवतांचं बी पेरायचं, दर आठवड्याला पाच ठिकाणी चौकट टाकायची, काय उगवलं, किती उगवलं ते वहीत लिहायचं. ओंकारला सरांनी आळंदीला नदीतल्या जलपर्णीवर पाठवलं, त्यामुळं स्पर्धेत दोघंच उरलो. तिनं गुरुवार घेतला, मी सोमवार. एकमेकांचं तोंड बघायला नको.

मी सोमवारी जायचो तो आधी सुतळी ओलांडून तिच्या प्लॉटमध्ये. शत्रूची तयारी बघायला नको का? मारवेल किती आलं, पवन्या किती, कुठं गाजर गवत शिरलंय का, पानांची उंची, फुलोरा, सगळं. तिचं पवन्या माझ्यापेक्षा बोटभर उंच! मी जमिनीला गाल टेकून मोजलं. ते होईपर्यंत ऊन चढायचं, बसची वेळ व्हायची. माझ्या प्लॉटला मी येता-जाता एक नजर टाकायचो. आपलंच आहे, जातंय कुठं?

एका सोमवारी कंपाउंडच्या पडक्या भिंतीतून एक बकरी आत आली. काळी, कानाला पांढरा ठिपका. सरळ प्लॉट बी-मध्ये शिरली आणि वैजूचं पवन्या खायला लागली.

मी काठी उचलली. आणि उभा राहिलो.

मनात दहा आकडे मोजले. एक, दोन, तीन... सावकाश, शाळेत मोजतात तसे. मग हाकलली. त्या दहा आकड्यांत जे सुख होतं ना राव, ते सांगता येत नाही. आणि घरी येईपर्यंत जी लाज वाटली तीही सांगता येत नाही. जेवण गेलं नाही. आईनं निरोप दिला, “पप्पा विचारतायत, बरं नाही का याला.”

मी फक्त ओंकारला सांगितलं. तो जलपर्णी उपसून आलेला, कोपरापर्यंत हिरवा. म्हणाला, “तुला डॉक्टरची न्हाई, ओव्याची गरज हाय. दुसऱ्याचं बघून पोट दुखालंय तुझं!”

पुढच्या सोमवारी गेलो, तर बकरी माझ्या प्लॉटमध्ये शिरून गेल्याचं दिसलं. चांगलं पोटभर जेवून गेली होती. गुरुवारी आली असणार, कारण वैजूच्या चपलांचे ठसे भिंतीकडं पळत गेलेले होते. मला वाटलं, बघा, हिनं लगेच हाकलली असेल. मन मोठं आहे हिचं. त्याचाही हेवा वाटला मला!

* * *

तिसऱ्या सेमिस्टरचं सेमिनार. बाहेरून एक मोठ्या बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारत होत्या, “तुमची रेफरन्स साइट कोणती?” म्हणजे जमीन पूर्वीसारखी करणार म्हणता, तर पूर्वी ती कशी होती हे कशावरून ठरवलं? आमच्या विषयात हाच सगळ्यात अवघड प्रश्न. पप्पांनी मला चटईवर विचारला होता तोच!

मी बत्तीस स्लाइड केल्या होत्या. तीन वेगवेगळे माळ, सात पेपर, दोन आलेख. फाडफाड इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, “व्हेरी थरो.” मी खूश.

मग वैजू उभी राहिली. बाईंनी विचारलं, “युवर रेफरन्स?”

वैजूनं कपाळावरचा घाम पुसला. इंग्रजी शोधलं, सापडलं नाही. म्हणाली, “माय फादर.”

वर्ग फुटला हसून. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो.

ती मराठीत आली. “आण्णांना इचारते मी, मॅडम. कुटं काय उगवायचं, कुटं पाणी थांबायचं, कंच्या महिन्यात कंचं गवत. आण्णा डोळं मिटून सांगत्यात. लिवून घेते मी.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “किती वेळा विचारलंत?”

“रोज. जेवताना.”

बाईंनी तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त दिले. बत्तीस स्लाइड आणि सात पेपर एका बापापुढं पडले! मी घरी आलो आणि पप्पांकडं बघितलं. ते पेपर वाचत होते. मी म्हणालो, “आई, पप्पांना विचार, लहानपणी आकुर्डीत कुठलं गवत होतं.”

पप्पांनी पेपरातून मान न काढता उत्तर दिलं, “सांग त्याला, आम्ही आलो तेव्हा डांबर होतं.”

* * *

मग एकदा कंपनीचे परदेशातले मोठे साहेब यायचे ठरले. जगदाळे साहेबांना घाम फुटला. पाहुण्यांना गवत कसं दाखवायचं? त्यांनी घाईघाईनं गेटपासून आमच्या प्लॉटपर्यंत तयार हिरवळीच्या गुंडाळ्या आणून अंथरल्या, सतरंजी अंथरतात तशा. कडेला झेंडूच्या कुंड्या. आम्हाला इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं.

पाहुणे आले. सहा फुटी गोरा म्हातारा. हिरवळीवरून चालत आला, तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, आणि प्लॉट बी-मध्ये जाऊन गुडघ्यावर बसला! पवन्याला फुलोरा आला होता. त्यानं वैजूला खुणेनं बोलावलं, काहीतरी विचारलं. तिला इंग्रजी कळलं नाही, त्याला मराठी कळलं नाही, आणि दोघं दहा मिनिटं मजेत बोलत होते! कंपनीचा फोटोग्राफर फोटोवर फोटो काढतोय. मी प्लॉट ए-मध्ये चौकट हातात धरून ताठ उभा, कुणीतरी बघेल म्हणून.

फोटो कंपनीच्या मासिकात आला. मुखपृष्ठावर! मधे साहेब, शेजारी वैजू, दोघांचे दात दिसतायत. आणि डाव्या कडेला एक कोपर. माझा.

मी ते मासिक घरी आणून टेबलावर आपटलं आणि झोपून गेलो. सकाळी उठलो तर मासिक गायब. बाहेर आवाज. पप्पा गॅलरीत शेजारच्या काकूंना मासिक दाखवत होते.

“हा बघा. हा कोपर आमच्या मिलिंदचा.”

मी दाराआड उभा राहून ऐकलं. मग परत आत जाऊन झोपलो, कारण डोळे पुसायचे होते. त्या दिवशी जेवताना पप्पांनी आईला मधे न घेता विचारलं, “भाजी घेतोस का?”

आता तर ती जागा मला मिळायलाच हवी होती.

* * *

शेवटचा दिवस. प्रबंध टाइप करायच्या आधीचं प्रेझेंटेशन. टेबलापलीकडं खरे सर आणि जगदाळे साहेब. साहेब त्याच दिवशी नाव ठरवून जाणार होते. अलीकडं मी आणि वैजू, मधे एक रिकामी खुर्ची.

सर म्हणाले, “लॅपटॉप बंद करा. फील्डच्या वह्या द्या.”

बॅगेतून वही काढायला मी उगाच वेळ लावला. वही दिली. सरांनी भिंग काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले.

“‘प्लॉट बी. मारवेल एकेचाळीस. पवन्या सव्वीस, सरासरी उंची गुडघ्याच्या वर. उत्तरेच्या कोपऱ्यात गाजर गवत दोन, मुळासकट.’ वा! ‘प्लॉट ए : वरीलप्रमाणे.’”

पान उलटलं. “‘प्लॉट बी...’ हे दीड पान आहे. सुंदर. ‘प्लॉट ए : वरीलप्रमाणे.’” अजून एक पान. “‘प्लॉट ए : वरीलप्रमाणे.’ मिलिंद, तुझा प्लॉट कुठला रे?”

“ए, सर.”

“हं. मग अख्ख्या वहीत तो वरीलप्रमाणेच आहे!”

मी खाली बघितलं. संपलं सगळं. डोळ्यांसमोर कंत्राटाचं आयकार्ड दिसायला लागलं, आणि चटई, आणि आई, “पप्पा विचारतायत...”

सरांनी वैजूची वही ओढली. मी मान वर केली नाही. हिची वही कशी असेल, माहीत होतं मला.

“‘प्लॉट ए,’” सर वाचायला लागले. “‘मारवेल अडतीस. पवन्या एकोणीस. त्यानं पेरलं दाट, पण आलं सरळ. माझ्यापरीस हिरवं हाय.’” सर थांबले. “वैजयंता, तुझा प्लॉट?”

“बी, सर.”

“तो कुठंय?”

“खाली हाय की. ‘बरा हाय’ म्हणून लिवलंय.”

मी तिच्याकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, कान लालभडक. सर पानं उलटत गेले. सगळीकडं प्लॉट ए. माझं गवत, माझी माती, माझ्या चौकटी. एका पानावर त्यांनी भिंग जवळ नेलं.

“‘गुरुवार. बकरी ए-मध्ये शिरली. वीस आकडे मोजले. मग हाकलली.’”

वीस! आणि मी दहा आकड्यांवर जेवण टाकलं होतं!

सरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्मा काढला. “आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलोय. तिचा वर्षभराचा डेटा आज पहिल्यांदा बघतोय!”

जगदाळे साहेबांना काही कळेना. “म्हणजे दोघंही नापास का सर?”

“नापास? अहो, इतक्या बारीक नोंदी मी नोकरीत बघितल्या नाहीत. प्रबंध दोन्ही तयार आहेत. फक्त वरची नावं बदलायची.”

“बरं, मग नाव कुणाचं लिहू? जागा एकच आहे, सर.”

“एकच कशी? जागा आठ एकर आहे, साहेब!” सर उठून उभे राहिले. “चार-चार द्या. आणि मधे कुंपण घालू नका. एकमेकांचं दिसलं पाहिजे, तरच कामं करतील ही.”

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. पंधरा मिनिटं बाहेरून नुसता त्यांचा आवाज येत होता. मग दारातून त्यांनी आत डोकं घातलं, दोन बोटं वर केली आणि हसले.

आम्ही कॉरिडॉरमध्ये आलो. मला पप्पांना फोन करायचा होता, थेट, आईला मधे न घेता. वैजू माझ्या आधी बोलली.

“ओढ्याकडचे चार माझे.”

झालं! पुन्हा हिचंच आधी! पाणी तिकडं, काळी माती तिकडं, आणि मला काय, मुरूम? दोन वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

“का म्हणून? ओढा काय तुझ्या बापाचा आहे?”

वैजूनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “व्हता.”

मी माळाकडचे चार घेतले.